फळ, मांस आणि मंद आच : एका पाककृतीचे परिशीलन

धर्मग्रामातील काही भगिनींनी मोठ्या कष्टाने गोळा केलेल्या पाककृतींची एक वही प्रस्तावनेसाठी माझ्या हाती आली, त्याला आता काही महिने लोटले. छपाईपूर्वी ‘फादरांनी दोन शब्द लिहावेत’ एवढीच त्यांची अपेक्षा होती. पाककलेत माझा अधिकार शून्य आहे; परंतु वाचण्याची सवय सेमिनरीच्या दिवसांपासूनची, म्हणून वही अथपासून इतिपर्यंत वाचून काढली. तीत इंद्याल आहे, सरपोतेल आहे, फुगे आहेत, सुकेळी आहेत. अगदी शेवटच्या पानावर मात्र परदेशी स्थायिक झालेल्या एका मुलीने आईला कळवलेली कृती आहे : विजेच्या स्लो कुकरमध्ये सफरचंदे घालून शिजवलेले डुकराचे मांस. ह्या एका पानावरून भगिनींत दोन तट पडले होते. ज्येष्ठांचे म्हणणे असे की मांसात फळ घालणे ही आपली रीत नव्हे, आणि बटण दाबून जे होते त्याला शिजवणे म्हणू नये. तरुणींचे म्हणणे असे की आम्ही आता असेच रांधतो, तर ते वहीत का नसावे? निवाडा माझ्यावर सोपवण्यात आला. प्रस्तावना बाजूला राहिली आणि तिच्या जागी हे परिशीलन लिहिले गेले.

पाककृती हा गद्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे, ह्याकडे आपल्या समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. मराठीत तो बहुधा विध्यर्थी लिहिला जातो. कांदा चिरावा, मसाला परतावा, मांस शिजू द्यावे. ह्या वाक्यांचे एक वैशिष्ट्य वाचकांनी ध्यानात घ्यावे : त्यांत कर्ता नसतो. कांदा कोणी चिरावा? रात्री उठून निखारे कोणी सारावेत? वाक्य गप्प राहते. साहित्याची मापे असतात, क्रियांचा क्रम असतो, परंतु ज्या हातांनी ते सारे घडते ते हात व्याकरणातून वगळले जातात. ह्या वगळलेल्या कर्त्याकडे मला पुढे परत यायचे आहे. तत्पूर्वी ज्येष्ठ भगिनींच्या दोन्ही आक्षेपांचा विचार करणे न्यायाचे होईल.

पहिला आक्षेप फळाचा. डुकराचे मांस फळाबरोबर शिजवणे ही आधुनिक टूम आहे, असे कोणाला वाटत असेल तर ते वस्तुस्थितीला धरून नाही. अपिसियस ह्या नावाने ओळखला जाणारा लॅटिन पाककृतींचा संग्रह साधारणपणे इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकात सिद्ध झाला असे मानतात; त्याच्या नवव्या शतकातील दोन हस्तलिखित प्रती आजही उपलब्ध आहेत. त्याच्या चौथ्या भागात डुकराच्या खांद्याच्या मांसाच्या दोन कृती आहेत : एकीत मातियस ह्या रोमन गृहस्थाच्या नावाने ओळखली जाणारी सफरचंदे, तर दुसरीत जर्दाळू. दोन्हींत मिरी, जिरे, पुदिना, मध आणि शिर्का आहे. एकीत कोथिंबीर आहे, दुसरीत शेपू. मसाल्याची ही यादी वाचताना आपण रोमच्या स्वयंपाकघरात आहोत की कोकणातल्या, असा क्षणभर संभ्रम पडतो.

आणि आपल्याकडे तरी फळ नाही काय? गोव्यातील ख्रिस्ती घरांत डुकराचे मांस आमसुले घालून शिजवतात. आमसुलांना तेथे ‘सोलां’ म्हणतात, आणि त्या पदार्थाचे नावच मुळी त्यावरून पडले आहे. आमसूल म्हणजे रातांब्याची वाळवलेली साल. रातांबा हे फळच आहे. विंदालूचे मूळ वाइन व लसूण ह्यांत मुरवलेल्या पोर्तुगीज मांसात आहे, म्हणजे तेथे द्राक्ष होते. आपल्या किनाऱ्यावर त्याची जागा माडीच्या शिर्क्याने घेतली. चरबीयुक्त मांसाला आंबट काहीतरी हवे असते, ही जिभेची मागणी सर्व देशांत सारखीच. ती कोणी सफरचंदाने पुरवली, कोणी आमसुलाने, एवढाच फरक.

येथे भाषेचीही साक्ष काढावीशी वाटते. संस्कृतातील ‘पच्’ ह्या धातूपासून पाक आला आणि पक्वही आले. त्या पक्वाचेच आपण ‘पिकणे’ केले. आंबा पिकतो आणि पक्वान्न शिजते, ह्या दोन्ही क्रिया आपल्या भाषेने एकाच मुळाशी बांधल्या. लॅटिनमधील ‘कोक्वेरे’ हे क्रियापद त्याच कुळातले असून त्याचेही दोन्ही अर्थ आहेत, शिजवणे आणि पिकवणे. जर्दाळूला रोमन लोक ‘प्रेकोक्विया’ म्हणत, म्हणजे इतरांआधी पिकणारे. फळाला झाडावर ऊन पिकवते, मांसाला भांड्यात आच पिकवते. दोहोंतील समान द्रव्य काळ हे आहे. फळ आणि मांस एका भांड्यात आले तर त्यांचा विजोड होतो असे म्हणण्याचे धैर्य निदान मराठी माणसाला होऊ नये.

दुसरा आक्षेप यंत्राचा, आणि तो अधिक गंभीर आहे. ह्या यंत्राचा पूर्वेतिहास मात्र आक्षेप घेणाऱ्यांना चकित करील. अमेरिकेतील शिकागो शहराच्या अर्व्हिंग नॅक्सन ह्या ज्यू संशोधकाला 1940 साली अशा भांड्याचे पेटंट मिळाले. त्यामागची प्रेरणा त्याला आईने सांगितलेल्या एका आठवणीत होती. लिथुआनियातील विल्नियस नगरीत तिच्या आईच्या घरी शाब्बाथासाठी चोलंट नावाचा पदार्थ होत असे. शाब्बाथाच्या दिवशी विस्तव पेटवू नये अशी निर्गमाच्या ग्रंथाची आज्ञा. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी घेवडा, जव, बटाटे, मांस असे सारे भांड्यात भरून ते भांडे गावच्या भटारखान्यात नेऊन ठेवायचे. विझत चाललेल्या भट्टीच्या उबेवर ते रात्रभर शिजत राही आणि दुसऱ्या दिवशी ऊन ऊन घरी येई. त्या भट्टीची धीमी उब नॅक्सनने विजेच्या तारेत आणली. पुढे 1970 साली रायव्हल ह्या कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि 1971 साली ‘क्रॉक-पॉट’ ह्या नावाने तेच भांडे घरोघरी पोहोचवले. नोकरीसाठी घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीला डोळ्यांसमोर ठेवूनच त्याची जाहिरात झाली.

ज्या भांड्याचा जन्म शाब्बाथाच्या भट्टीतून झाला, त्यात आज जगभर ते मांस शिजते, जे विल्नियसच्या त्या आजीने उंबऱ्याच्या आतही येऊ दिले नसते. ह्याचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु तिचे ऋण विसरणेही बरे नव्हे, कारण तिच्या भांड्यात एक विचार होता आणि तोच ह्या पाककृतीच्या मूल्यमापनाचा निकष ठरावा असे मला वाटते.

निकषाकडे वळण्यापूर्वी कृतीच्या संहितेविषयी बोलले पाहिजे. वहीतील कृती थोडक्यात अशी : एक किलो खांद्याचे मांस, तीन सफरचंदे, दोन कांदे, मीठ, मिरी, दालचिनी आणि दोन पेले पाणी, सर्व एकदम भांड्यात घालावे आणि कमी आचेवर आठ तास ठेवावे. टीकाकाराने चाखल्यावाचून बोलू नये, म्हणून मी ती करून पाहिली. आखातातून परतलेल्या एका कुटुंबाने धर्मगुरुनिवासाला भेट दिलेले असे एक भांडे फडताळात पडून होते. सकाळची मिस्सा आटोपून आठ वाजता ते लावले. दुपारी चार वाजता जे हाती आले ते पांढुरके मांस, सफरचंदाचा लगदा आणि पाणचट रस्सा होता. दर तासाला झाकण उघडून डोकावण्याचा अपराध माझा, हे कबूल केले पाहिजे. प्रत्येक वेळी कोंडलेली उब निघून जाते आणि ती पुन्हा साठायला बराच वेळ लागतो. परंतु बाकीचे दोष संहितेचे होते.

ह्या भांड्यात वाफ झाकणाला लागून पुन्हा खाली उतरते, पाणी आटत नाही. त्यात मांस आणि फळ स्वतःचे पाणी सोडतात ते वेगळेच. दोन पेल्यांच्या जागी अर्धा पेला पुरे. मांसाला खरपूस रंग आणि वास येतो तो कोरड्या, कडक आचेवर. तेव्हा ते आधी कढईत परतून घ्यावे लागते. खांद्याचा चिवट भाग निवडला हे मात्र योग्यच. त्यातील चिवट तंतू तासन् तास मंद आचेवर विरघळून रश्शाला दाटपणा देतात, म्हणून मऊसूत, बिनचरबीच्या तुकड्यापेक्षा हाच भाग येथे सरस ठरतो. सफरचंदे आरंभीच घालणे ही मोठी चूक. मांसाचा काळ आणि फळाचा काळ एक नसतो. सुके जर्दाळू पहिल्यापासून चालतील. ताजे सफरचंद शेवटच्या दीड-दोन तासांतच पडावे. कच्चा अननस किंवा कच्ची पपई मांसात फार वेळ मुरवत ठेवू नये, कारण त्यांच्या रसाने मांस मऊ होण्याऐवजी पिठूळ होते. गंमत अशी की सफरचंदांची ही चूक दुरुस्त करण्याचा धडा मला त्या प्राचीन रोमन संग्रहातच मिळाला. मांस अर्धेअधिक शिजल्यावर सफरचंदे घालावीत, असे तो सांगतो. दुसऱ्या खेपेस तसे केले, वरून दोन आमसुले टाकली, आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ केले.

आता त्या हरवलेल्या कर्त्याकडे येतो. रोमन संग्रहात मापे जवळजवळ नाहीत आणि वेळही नाही. वाचणाऱ्याला सारे ठाऊक आहे असे तो गृहीत धरतो. श्रीमंत रोमन घरात रांधणारा बहुधा गुलाम असे. त्याच्या तासांचा हिशेब कोण ठेवणार? आधुनिक कृतीत उलट तासांचा चोख हिशेब आहे, पण माणूस नाही. भांडे लावावे आणि निघून जावे. ती स्त्री कोठे गेली, हे कृती विचारत नाही. ती बहुधा दुसऱ्या कामाला गेलेली असते. वाचलेले आठ तास तिच्या पदरात पडले की दुसऱ्याच कोणाच्या, हा प्रश्न भांड्याबाहेरचा आहे. परंतु तो पाककृतीबाहेरचा नाही.

मग आपली चूल तरी निर्दोष होती काय? येथे मला स्वतःवरच टीका करणे भाग आहे. पूर्वी मी आईच्या चुलीवर एक स्मरणलेख लिहिला होता. लग्नघरातील इंद्यालाचा टोप, निखाऱ्यांची मंद आच, रात्रभर मुरणारी चव, असे त्यात बरेच काही होते. लेखाचे कौतुकही झाले. माझ्या थोरल्या बहिणीने तो वाचला आणि एवढेच विचारले, “फार छान लिहिलंस. पण त्या दिवशी आई जेवली केव्हा, ते तुला आठवतं का?” मला आठवत नव्हते. टोपाचे वर्णन करताना मी टोपाशेजारी धुरात बसलेल्या बाईला वाक्यातून वगळले होते. विध्यर्थाचा तो दोष माझ्या ललित गद्यातही उतरला होता. आपल्या समाजातील चुलीवरच्या पुष्कळशा लेखनाचा हाच दोष आहे. मंद आचेचे काव्य आपण लिहितो. ती आच सांभाळण्याची किंमत कोणी मोजली, ते लिहीत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर विल्नियसचे ते भांडे मला वेगळे दिसते. ते चवीसाठी मंद नव्हते, विश्रांतीसाठी मंद होते. शाब्बाथाची आज्ञा केवळ घरधन्याला उद्देशून नाही. तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विश्रांती मिळावी, असे कारण अनुवादाच्या ग्रंथात स्पष्ट दिले आहे. अर्थात शुक्रवारची चिरण्याभरण्याची धावपळ त्या आजीलाही चुकली नसेल. परंतु एकदा भांडे भट्टीत गेले की तिलाही बसण्याचा अधिकार होता, आणि तो अधिकार पदार्थाच्या रीतीतच शिजवलेला होता. यंत्राने तिची उब उचलली, पण तो अधिकार मागे राहिला.

म्हणून माझा निवाडा असा. ती पाककृती वहीत अवश्य असावी. फळ परके नाही आणि यंत्रही निंद्य नाही. पाणी कमी करावे, मांस आधी परतावे, सफरचंदे उशिरा घालावीत, एवढ्या दुरुस्त्या कराव्यात. शिवाय अखेरीस एक वाक्य जोडावे, ज्यात कर्ता स्पष्ट लिहिलेला असेल : ‘भांडे लावून झाल्यावर शिजवणारीने निवांत बसावे.’ शक्य झाल्यास हे वाक्य इंद्यालाच्या कृतीलाही जोडावे आणि ते कसे पाळता येईल ह्याचा विचार घरातील पुरुषांनी करावा.

हा निवाडा मी भगिनींच्या बैठकीत वाचून दाखवला. तरुणी खूश झाल्या. ज्येष्ठांपैकी एक आजी, ज्यांचा विरोध सर्वांत कडवा होता, त्या काही वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “सगळं खरं, फादर. पण जेवणं झाल्यावर भांडी कोणी घासायची, ते नाही लिहिलंत.”

सगळे हसले. मी वही पुढे ओढली आणि ती ओळ कोठे घालावी ते पाहू लागलो.