एका ग्रंथाचे गुण किती?

उत्तरपत्रिका तपासताना कोणी पुरवण्या मोजून गुण देऊ लागला, तर त्याला आपण परीक्षक म्हणणार नाही. 'पाने भरू नका, उत्तर लिहा' हे तर आपण मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. पण विद्यापीठांना संशोधनासाठी पैसा वाटताना पुरवण्या मोजण्याचाच प्रकार काही देशांत झाला, आणि त्यात सर्वांत अवघड जागी सापडला तो ग्रंथ.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९९० च्या दशकापासून सरकारी संशोधन-अनुदानाचा काही भाग प्रकाशनांच्या मोजणीवरून ठरू लागला. पुढे स्थिरावलेला हिशेब असा होता : शोधनिबंधाला १ गुण, परिषदेत सादर करून छापलेल्या निबंधाला १, ग्रंथातील एका प्रकरणाला १ आणि संपूर्ण ग्रंथाला ५. पाठ्यपुस्तके आणि भाषांतरे सहसा मोजलीच जात नसत.

यामागचा हेतू वाईट नव्हता. रसायनशास्त्रातला नवा निष्कर्ष चार-सहा पानांत मांडता येतो. इतिहासातला किंवा मानवशास्त्रातला सिद्धान्त पुराव्यांसह उभा करायला अनेकदा ग्रंथच लागतो. दोघांनाही एकच गुण दिला, तर ग्रंथकारावर उघड अन्याय होईल. म्हणून पाचपट.

आता थोडे गणित करून पाहू. एका अभ्यासकाने दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला, तर त्याला ५ गुण. तेवढीच दहा प्रकरणे दहा जणांनी वाटून लिहिली, तर सर्वांचे मिळून १० गुण. पाने तीच. फरक एवढाच की पहिल्या पुस्तकात एक विचार आरंभापासून अखेरपर्यंत धरून ठेवलेला असतो. ग्रंथाला ग्रंथपण येते ते त्यामुळेच. आणि या हिशेबात त्याचीच किंमत उणे ५ ठरते!

अशा मोजणीमुळे संशोधनाचा दर्जा घसरला का? लिंडा बटलर यांनी २००३ साली दाखवले की जगातील शोधनिबंधांत ऑस्ट्रेलियाचा वाटा वाढला होता, पण ही वाढ विशेषतः कमी प्रभावाच्या नियतकालिकांत झाली होती. २०१७ साली इतर संशोधकांनी तोच काळ पुन्हा तपासला आणि दर्जा घसरल्याचा निष्कर्ष अमान्य केला. 'यानंतर' म्हणजे 'यामुळे' नव्हे, हे विज्ञानशिक्षकांना सांगायला नको. शिवाय हा सारा वाद नियतकालिकांच्या सूचीवर आधारलेला होता. ग्रंथांचे काय झाले, ते त्यातून कळतच नाही.

२०१७ पासून तेथील अनुदानाच्या सूत्रातून प्रकाशनेच वगळण्यात आली. बाहेरून मिळवलेला निधी आणि पदवी पूर्ण करणारे संशोधक-विद्यार्थी हे निकष उरले. म्हणजे सूत्रापुरते पाचाचे शून्य झाले.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तेथे विषयवार तज्ज्ञांची मंडळे निवडक प्रकाशने पाहून दर्जा ठरवतात आणि त्यावरून अनुदान वाटले जाते. २०१४ च्या फेरीत एका संशोधकामागे साधारणपणे चार प्रकाशने मागवली होती. मोठा ग्रंथ दोन प्रकाशनांच्या जागी धरावा, अशी विनंती विद्यापीठ करू शकत असे आणि ती मान्य करायची की नाही हे मंडळ ठरवत असे. पण त्या फेरीत सुमारे १ लाख ९१ हजार प्रकाशने तपासायची होती. एवढ्या ढिगाऱ्यात चारशे पानांचा ग्रंथ किती सावकाश वाचला जाईल, ही शंका आम्हाला रास्त वाटते. तरीही, घाईने का होईना, वाचणे हे न वाचण्यापेक्षा बरे.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतही गुणांचा तक्ता आहे. तो अनुदानासाठी नसून प्राध्यापकांच्या नेमणुका व पदोन्नतीसाठी आहे. पण तर्क तोच. भाषा व सामाजिक शास्त्रांतील शोधनिबंधाला १०, राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथालाही १०, ग्रंथातील प्रकरणाला ५. दोन प्रकरणे लिहिली की एका ग्रंथाची भरपाई झाली! गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथ १९५६ साली मुंबईच्या पॉप्युलर बुक डेपोने प्रसिद्ध केला. भारतीय इतिहासलेखनाला वेगळे वळण देणाऱ्या या ग्रंथाची या तक्त्यातली किंमत एका निबंधाएवढीच भरेल.

मग ग्रंथाला ५ द्यावेत, १० द्यावेत की ५०? आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणताही ठरावीक आकडा उत्तम ग्रंथाला कमी आणि सुमार ग्रंथाला जास्त पडणार. तक्ता स्वस्त असतो, तो वशिल्याला थोडा आळा घालतो, हे आम्ही मान्य करतो. म्हणून तो हवा तर चाळणीपुरता ठेवावा. शेवटचा निर्णय देणाऱ्यांनी मात्र उमेदवाराची निवडक दोन-तीन कामे प्रत्यक्ष वाचावीत आणि आपले मत कारणांसह लिहून द्यावे. वेळ लागेल, पण उत्तरपत्रिका तपासायलाही वेळ लागतोच.

नाहीतर सात वर्षे खपून एक ग्रंथ लिहू पाहणाऱ्या तरुण प्राध्यापकाला आपण प्रामाणिकपणे कोणता सल्ला देणार? पुरवण्या जोडत राहा, हाच ना?