विद्युतभारित तारे : समीकरणातले आणि आकाशातले

न्यूट्रॉन ताऱ्यात विद्युतभार साठला, तर समान भारांच्या प्रतिसारणामुळे तो गुरुत्वाकर्षणाला अधिक तोंड देईल काय? शुभार्थी राय, मल्हेरो, लेमोस आदी पाच संशोधकांनी २००३ साली ‘फिजिकल रिव्ह्यू डी’मध्ये या प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. ताऱ्याच्या रचनेत जाणवण्याजोगा फरक पडायला १० चा २० वा घात कूलोम इतका भार हवा, असे त्यांना आढळले. गणिताविषयी आमची तक्रार नाही. आक्षेप आहे तो गृहीतकाला.

हा आकडा अनपेक्षित नाही. भार व वस्तुमान यांचे विशिष्ट प्रमाण साधले की प्रतिसारण आणि आकर्षण एकमेकांना तोलतात, हे सुधांशु दत्त मजुमदार यांनी १९४७ सालीच दाखवले होते. सूर्याएवढ्या वस्तुमानाला हा भार साधारण तेवढाच येतो. म्हणजे १० चा १८ वा घात इतक्या कणांमागे जेमतेम एक प्रोटॉन जादा! एवढे तर सहज शक्य आहे, असे विद्यार्थ्यांना वाटेल.

इथे दुसरे गणित करावे. अशा ताऱ्याच्या पृष्ठभागावरील सुट्या प्रोटॉनवर न्यूटनचे आकर्षण आणि कूलोमचे प्रतिसारण ही दोन बले आहेत. दोन्हींत अंतराचा वर्ग सारखाच, म्हणून तो निघून जातो. ताऱ्यावर केवळ दीडशे कूलोम भार असला की बले समान होतात. त्यापुढे प्रोटॉन बाहेर फेकला जाणार. निबंधात मात्र भार घनतेच्या प्रमाणात, जणू द्रव्याला चिकटवलेला, मानला आहे. म्हणून तिथे तोल साधतो. शिवाय विद्युतक्षेत्र दर मीटरला १० च्या २१ व्या घाताइतके व्होल्ट होते. याच्या सुमारे हजाराव्या हिश्श्यालाच निर्वातातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या निर्माण होऊन क्षेत्र दुबळे करू लागतात.

असा तारा टिकणार नाही, भार निसटण्याआधीच तो कोसळून भारित कृष्णविवर होईल, असे लेखक स्वतःच म्हणतात. हा प्रामाणिकपणा आम्हांला मोलाचा वाटतो. ताऱ्यांना उदासीन मानणे का चालते, हेही या निबंधामुळे आकड्यांत कळते. पण समीकरणाला उत्तर मिळाले म्हणजे तशी वस्तू आकाशात आहे, असे होत नाही. शिक्षकांनी दीडशे कूलोमचे हे गणित अकरावीच्या वर्गात जरूर करून घ्यावे. हा फरक विद्यार्थ्यांना आपोआप उमगेल.