तिसऱ्या चेतेचा अपुरा तक्ता

बारा कर्पर चेतांचा तक्ता विद्यार्थ्यांना पाठ असतो. तिसऱ्या ओळीत 'नेत्रचालक, प्रेरक, डोळ्याची हालचाल' एवढेच सापडते. यात चुकीचे काही नाही. आमची तक्रार आहे ती वगळलेल्या गोष्टीबद्दल.

ही चेता मध्यमस्तिष्कातील चेतापेशींच्या जोडपुंजक्यातून निघते. (पुस्तके त्याला 'केंद्रक' म्हणतात. पेशीतल्या केंद्रकाशी त्याचा संबंध नाही. विद्यार्थी गोंधळले तर दोष त्यांचा नव्हे.) डोळा फिरवणाऱ्या सहा स्नायूंपैकी चार आणि वरची पापणी उचलणारा स्नायू यांना येथून आज्ञा जातात. पापणी मिटवणे हे काम मात्र सातव्या चेतेचे! तेव्हा तक्त्यात 'पापण्यांची हालचाल' असे असेल, तर तेथे 'पापणी उचलणे' अशी दुरुस्ती करावी.

खरी गंमत पुंजक्याच्या आत आहे. रॉजर वॉरविक यांनी १९५३ साली माकडांच्या अभ्यासातून तिथली मांडणी दाखवली. चारपैकी तीन स्नायूंचे तंतू आपल्याच बाजूच्या डोळ्याकडे जातात. डोळा वर वळवणाऱ्या मुख्य स्नायूचे तंतू मात्र ओलांडून पलीकडे जातात. आणि दोन्ही पापण्या उचलण्यासाठी मधोमध एकच लहान पुंजका असतो. त्यामुळे डावी चेता दुखावली तर डावी पापणी उतरते. पुंजकाच दुखावला तर दोन्ही पापण्या उतरू शकतात, शिवाय उजवा डोळाही नीट वर वळत नाही. इजा नेमकी कोठे झाली, हे ओळखायला डॉक्टरांना याचा मोठा उपयोग होतो. कोरड्या तक्त्यातून हे कसे कळणार?

आम्हीही तो तक्ता चालीवर पाठ केला होता. मान न हलवता वर पाहिले की पापणीही का उठते, हा प्रश्न पदवी मिळेपर्यंत आम्हांला सुचलाही नव्हता. वर्गात हे करून पाहायला आरसा पुरतो.

आणखी एक निरीक्षण सांगण्याजोगे आहे. एक पापणी उतरलेल्या रुग्णाची ती पापणी बोटाने उचलून धरली, की पुष्कळदा दुसरी, निरोगी पापणी किंचित खाली येते. दोघींना सारखीच आज्ञा जात असते; उतरलेली पापणी उचलण्यासाठी लावलेला जादा जोर सैलावला, की तो दोन्हीकडे सैलावतो.

तक्ता फेकून देण्याची गरज नाही. तिसऱ्या ओळीशेजारी दोन डोळे, एक ओलांडणारी रेघ आणि मधोमध एक ठिपका काढला तरी पुरे.