आटोपशीरपणा आणि विश्वासार्हता : मीड-कॉनवे यांच्या ग्रंथाचे पुनर्मूल्यांकन

प्रास्ताविक

अंकीय एकात्मिक परिपथांचे आरेखन हा विषय आज विद्यापीठीय अभ्यासक्रमात स्थिरावला आहे. परंतु १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ही विद्या प्रामुख्याने कारखान्यांच्या चार भिंतींआड होती. ती वर्गात आणण्याचे मोठे श्रेय कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांच्या 'इंट्रोडक्शन टू व्हीएलएसआय सिस्टिम्स' (१९८०) या ग्रंथाकडे जाते. या ग्रंथाचा गौरव पुष्कळ झाला आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू त्यात भर घालण्याचा नाही. परिपथ आटोपशीर असावा आणि तो विश्वासार्हही असावा, या दोन अपेक्षांचा मेळ हा ग्रंथ कसा घालतो, कोठे घालत नाही आणि त्याच्या उणिवा आपल्या अध्यापनात कशा उतरल्या आहेत, याचा येथे विचार केला आहे.

ग्रंथाची भूमिका

ग्रंथाचे मध्यवर्ती सूत्र शिस्तीचे आहे. आरेखकाने प्रत्येक कारखान्याचे शेकडो नियम पाठ करण्याऐवजी 'लॅम्डा' या एकाच परिमाणात विचार करावा, अशी लेखकांची मांडणी आहे. पॉलिसिलिकॉनची किमान रुंदी दोन लॅम्डा, धातूच्या पट्टीची तीन लॅम्डा, अशा थोड्या नियमांत सारी भूमिती बसवली जाते. तंत्रज्ञान सूक्ष्म होत गेले की लॅम्डाचे मूल्य बदलावयाचे; आराखडा तोच राहतो.

या मांडणीची परीक्षाही लगेच झाली. १९७९ मध्ये 'एमपीसी-७९' या उपक्रमात १२ विद्यापीठांतील १२४ जणांची ८२ आरेखने एकत्र करून, त्यांच्या चिप २९ दिवसांत तयार करून पाठविण्यात आल्या. पुढे १९८१ मध्ये याच कल्पनेतून 'मोसिस' ही सेवा उभी राहिली. विद्यार्थ्याने कागदावर काढलेली रचना सिलिकॉनवर पाहता येणे, हे या ग्रंथाचे निर्विवाद यश होय.

आटोपशीरपणाची किंमत

लॅम्डा नियमांवरील नेहमीचा आक्षेप असा की, ते सर्व कारखान्यांना चालावेत म्हणून सैल ठेवले आहेत व त्यामुळे जागा वाया जाते. आक्षेप खरा आहे. एखादे अंतर प्रत्येक दिशेने २० टक्के अधिक ठेवले, तर क्षेत्रफळ १.४४ पट होते. व्यावसायिक आरेखकाला ही उधळपट्टी परवडणारी नाही.

परंतु हा आक्षेप अपुरा आहे. आटोपशीरपणा केवळ पट्ट्या जवळ आणल्याने साधत नाही. रचना नियमित असेल, एकच पेशी पुनःपुन्हा वापरता येत असेल आणि तारा थोड्या व आखूड असतील, तर वाचणारी जागा सैल नियमांत गेलेल्या जागेपेक्षा कितीतरी अधिक असू शकते. ग्रंथातील 'ओएम-२' या संगणकाच्या डेटा पाथ चिपचे उदाहरण नेमके हेच दाखविते. आटोपशीरपणा हा भूमितीचा नव्हे, तर रचनेचा गुण आहे, हे या ग्रंथाचे सर्वांत टिकाऊ प्रतिपादन म्हणावे लागेल.

शिवाय आटोपशीरपणा आणि विश्वासार्हता या नेहमीच परस्परविरोधी असतात असे नाही. वेफरवरील दोष यादृच्छिकपणे विखुरलेले मानले आणि एका चिपच्या क्षेत्रफळात सरासरी एक दोष येत असेल, तर सुमारे ३७ टक्के चिप निर्दोष निघतात. क्षेत्रफळ निम्मे केले की हेच प्रमाण सुमारे ६१ टक्क्यांवर जाते. लहान चिप ही बहुधा निर्दोष चिप असते.

विश्वासार्हतेचा विचार

ग्रंथ विश्वासार्हतेविषयी उदासीन आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एनमॉस इन्व्हर्टरमध्ये वरच्या आणि खालच्या ट्रान्झिस्टरच्या लांबी-रुंदीचे प्रमाण ४ ठेवावे. संकेत पास ट्रान्झिस्टरमधून येत असल्यास ते ८ करावे, असा नियम लेखक देतात. म्हणजे सर्वांत लहान पेशीतच खात्रीसाठी जागेची किंमत मोजली जाते. परस्परांवर न येणाऱ्या दोन कलांच्या क्लॉकचा आग्रहही याच जातीचा आहे.

चार्ल्स सेट्झ यांनी लिहिलेले सातवे प्रकरण तर याबाबत आदर्श आहे. दोन स्वतंत्र क्लॉकवर चालणारे भाग जोडताना फ्लिप-फ्लॉप शून्य आणि एक यांच्या मध्येच रेंगाळू शकतो. स्थिरावण्यास अधिक वेळ दिला तर अपयशाची शक्यता घातांकी प्रमाणात घटते. ती शून्य मात्र कधीच होत नाही. अंकीय परिपथाची निश्चितता ही अंतिमतः संभाव्यतेवर उभी आहे, हे विद्यार्थ्याला इतक्या स्पष्टपणे सांगणारी पाठ्यपुस्तके विरळाच.

उणिवा

तथापि तीन बाबतीत ग्रंथ अपुरा पडतो. पहिली बाब चाचणीची. नऊ प्रकरणांपैकी एकही चाचणीसाठी राखलेले नाही. चिपमधील सर्व फ्लिप-फ्लॉप एका साखळीत जोडून त्यांची आतली स्थिती बाहेरून वाचण्याची पद्धत आयबीएममधील आयशेलबर्गर व विल्यम्स यांनी १९७७ मध्येच प्रसिद्ध केली होती. या साखळीला जागा लागते, म्हणून आटोपशीरपणाच्या हिशेबात ती खर्चाच्या बाजूस पडते. पण जे तपासता येत नाही त्यास विश्वासार्ह कसे म्हणावे?

दुसरी बाब क्षणिक दोषांची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलमधील मे व वुड्स यांनी दाखवून दिले की, चिपच्या वेष्टनातील अत्यल्प किरणोत्सारी द्रव्यातून निघणारे अल्फा कण स्मृतीतील बिट उलटवू शकतात. पेशी जितकी लहान, तितका तिच्यातील विद्युत्भार कमी आणि धोका अधिक. येथे आटोपशीरपणा खरोखरच विश्वासार्हतेच्या विरोधात उभा राहतो. यावरील उपायही केवळ जागा वाढविणे हा नव्हे. परिपथाच्या तीन प्रती करून बहुमत घेतले, तर जागा तिपटीहून अधिक लागते. प्रत्येक प्रतीची विश्वासार्हता ०.९ असेल, तर मतगणक निर्दोष मानल्यास एकूण विश्वासार्हता ०.९७२ होते, ती ०.४ असेल, तर एकूण ०.३५२ म्हणजे एका प्रतीपेक्षाही कमी! याउलट हॅमिंग यांच्या १९५० च्या संकेतपद्धतीचा विस्तार करून ६४ बिटांना ८ बिट जोडले की, एक चूक दुरुस्त होते व दोन ओळखता येतात. स्मृतीचा अधिक खर्च अवघा १२.५ टक्के. आटोपशीर विश्वासार्हता म्हणतात ती ही. ग्रंथाच्या मांडणीत या विचाराला स्थान मिळावयास हवे होते.

तिसरी बाब आशयाच्या अचूकतेची. नियमित रचनेने चुका कमी होतात, हा ग्रंथाचा विश्वास रास्त आहे. पण १९९४ मध्ये उघड झालेला पेंटियमच्या भागाकारातील दोष त्याची मर्यादा दाखवितो. तेथील कोष्टक अत्यंत नियमित अशा पीएलए रचनेत होते. मात्र त्यातील काही आवश्यक नोंदीच गळाल्या होत्या. त्यापोटी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. सुबक चौकटीत चुकीचा मजकूरही सुबकच दिसतो.

आपल्या अध्यापनाच्या संदर्भात

एनमॉस मागे पडून सीमॉस आले, लॅम्डाची जागा कारखान्यांनी पुरविलेल्या नियमसंचांनी व सॉफ्टवेअरने घेतली. ग्रंथाचा तपशील जुना झाला; त्याने घालून दिलेली मूल्यमापनाची सवय मात्र उरली. प्रकल्प अहवालात विद्यार्थी क्षेत्रफळ, वेग आणि वीजवापर ही तीन परिमाणे देतो व परीक्षक त्यांवरच गुण देतात. किती टक्के दोष चाचणीत सापडतील, एक बिट उलटल्यास परिपथ सावरेल काय, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. एफपीजीएवर परिपथ पुन्हा भरता येतो, म्हणून ही त्रुटी खपून जाते. सिलिकॉनवर ती खपत नाही.

हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. केंद्र शासनाच्या 'चिप्स टू स्टार्टअप' कार्यक्रमामुळे शैक्षणिक संस्थांतील आरेखने मोहाली येथील सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्रज्ञानावर प्रत्यक्षात येऊ लागली आहेत. 'एमपीसी-७९' ने जी संधी अमेरिकी विद्यार्थ्यांना दिली, ती येथेही उपलब्ध होत आहे. अशा वेळी जुन्या उणिवाही सोबत आणणे हिताचे नाही.

निष्कर्ष

मीड आणि कॉनवे यांनी आटोपशीरपणा हा कारागिराच्या हातचलाखीचा विषय न ठेवता विचारांच्या शिस्तीचा विषय बनविला. हे त्यांचे ऋण मान्य करून असे म्हणावेसे वाटते की, विश्वासार्हतेलाही तीच प्रतिष्ठा मिळावयास हवी. चाचणीसाठी दिलेली जागा व दोषसंकेतासाठी जोडलेले बिट ही आरेखनातील अडगळ नसून आरेखनाचा भाग आहेत. प्रकल्पाच्या गुणपत्रिकेत क्षेत्रफळाच्या रकान्याशेजारी चाचणीक्षमतेचा एक रकाना वाढविणे, ही सुधारणा कोणत्याही महाविद्यालयास येत्या सत्रापासून करता येण्यासारखी आहे. तिला निधी लागत नाही. परीक्षकाने एक प्रश्न अधिक विचारावा लागतो.