पावशेर गाणे

माझा एक पुतण्या पुण्याला संगणकाच्या कंपनीत असतो. तो तिथे नेमके काय करतो हे त्याच्या आईला अजून कळलेले नाही, तेव्हा माझा प्रश्नच येत नाही. पण दर महिन्याच्या अखेरीला तो घरच्या ग्रुपवर एक यादी टाकतो. या महिन्यातली माझी आवडती गाणी पाच, अल्बम तीन, व्हिडिओ दोन. खाली सगळे नातेवाईक अंगठे दाखवतात. आमच्या लहानपणी अंगठा दाखवणे म्हणजे फसवणे होते. आता ती दाद झाली आहे.

दिवाळीला घरी आला तेव्हा म्हणाला, "काका, तुम्ही नुसता अंगठा देता. एवढे गाण्यातले दर्दी ना तुम्ही? या महिन्याची यादी तुमची."

दर्दी ही माझी अंबाजोगाईतली ख्याती आहे. ती मिळवणे अवघड नाही. बैठकीला पुढच्या रांगेत बसायचे, डोळे मिटायचे आणि समेवर मान हलवायची. सम चुकली तर डोळे उघडायचे नाहीत. लोकांना वाटते, आत उतरलाय. शिवाय माझ्याकडे तीनशे कॅसेट आहेत. त्या वाजवायला टेपरेकॉर्डर चालू स्थितीत नाही, ही गोष्ट सौ. पाहुण्यांना सांगते, मी सांगत नाही.

आता यादी करणे आमच्या पिढीला नवीन थोडेच आहे? आम्ही तर यादीवरच वाढलो. १९५२ साली आकाशवाणीने सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. खात्याचे मंत्री बा. वि. केसकर, म्हणजे आपलाच मराठी माणूस. देशाचे कान शास्त्रीय संगीताने धुऊन काढावेत असा त्यांचा स्वच्छ हेतू. देशाने काय केले? कान उचलून सिलोनला लावले. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि पुढे अमीन सायानी दर बुधवारी रात्री आठ वाजता गाण्यांना पायऱ्या चढवू-उतरवू लागले. आमच्या गावात हॉटेलवाल्याचा एक मर्फी होता. चहा न पिता त्याच्यासमोर उभे राहण्याची मुदत एक गाणे. मग तो ओरडायचा. त्यामुळे वरच्या पायरीचे गाणे ऐकायचे तर बरोबर तेव्हाच पोचावे लागे. काल जे तालसूर मला थोडेफार कळत होते ते गुरूकडून नाही, त्या हॉटेलवाल्याच्या धाकातून आले आहेत. सायानी २०२४ साली गेले तेव्हा मी त्या हॉटेलच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. तिथे आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानदाराने विचारले, "काय पाहिजे?" काय सांगणार?

असो. मी वही घेतली, वर महिना लिहिला आणि कान उघडे ठेवून बसलो. दिवाळी संपल्यापासून योगेश्वरीच्या नवरात्रापर्यंतचा महिना. आमच्या देवीचे नवरात्र मार्गशीर्षात असते. बाकीच्या देव्या आश्विनात उरकतात. आमची शांतपणे, गर्दी ओसरल्यावर बसते.

पहिले गाणे मला शोधावे लागले नाही. तेच रस्त्याने आले. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, सरपण, कोंबड्या, म्हातारे कुत्रे, लेकरे आणि टपावर हा एवढा मोठा भोंगा. त्या भोंग्यातून प्रल्हाद शिंदे पंढरीच्या वाटेचे गाणे गात होते. मागच्या ट्रॅक्टरवर आनंद शिंदे, त्याच्या मागच्यावर आदर्श शिंदे. आजा, लेक आणि नातू एकाच रस्त्याने जाताना मी ऐकले. एवढे लांब घराणे मला तीनशे कॅसेटमध्ये सापडलेले नाही.

प्रल्हाद शिंद्यांना मी तरुणपणी नाक मुरडत असे. आवाजाला पॉलिश नाही, म्हणायचो. या वेळी फाटकात उभा राहून ऐकले आणि स्वतःचीच लाज वाटली. पॉलिश केलेला आवाज ट्रॅक्टरच्या इंजिनापुढे उभा राहिला असता का? हा गळा मुळातच उघड्यावर गाण्यासाठी घडलेला आहे. ढोलकीच्या वर, टाळांच्या वर, गर्दीच्या वर त्याला जायचे असते. तो वरच्या सुराला हात लावून परत येत नाही. तिथे मुक्काम करतो. आणि शब्द कसा खणखणीत! ट्रॉलीत बसलेल्या शेवटच्या म्हातारीला तो कळला पाहिजे, हा त्याचा नियम.

त्या गाण्यातली वाट पंढरीची. ट्रॅक्टर चालला होता कारखान्याकडे. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई त्या ट्रॉलीत होती. तिने हात केला. नवरा आणि ती मिळून एक कोयता. त्या धंद्यात माणसे अशीच मोजतात. दोन जीव मिळून एक अवजार. त्या कोयत्याची उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते, म्हणजे वाट धरण्याआधीच ती चालून झालेली असते. सहा महिन्यांनी परत येणार. गाणे वळणावरून ऐकू येईनासे होईपर्यंत मी उभा होतो. वहीत लिहिले: गाणे क्रमांक एक. लांबी, फाटकापासून वळणापर्यंत.

हे लिहिले आणि माझ्यातला टीकाकार जागा झाला. म्हटले, अरे, गाण्याची लांबी ठरवते कोण? गाणारा ठरवतो असे आपण समजतो. तसे नसते. जुनी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची, म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांनी अख्खा राग तेवढ्यात बसवला. पेढ्याच्या डबीत गणपती बसवावा तसा. तरी तो गणपतीच दिसतो, हे त्यांचे मोठेपण. मग लाँग प्लेइंग आली आणि राग पाय पसरून बसला. मग कॅसेट आली आणि गवयाच्या ऐन रंगात ‘खट्’ असा आवाज होऊन बाजू संपू लागली. माझ्या पिढीचे शास्त्रीय संगीताचे ज्ञान असे अर्ध्या-अर्ध्या तासाने तुटलेले आहे.

अल्बमची जागा मी ‘गीतरामायणा’ला दिली. पुतण्या म्हणाला, "काका, ते या महिन्यातलं नाही." मी म्हटलं, "ऐकलं या महिन्यात." गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल. १ एप्रिल १९५५, रामनवमीला पुणे केंद्रावर सुरू झाले, छप्पन्न गाणी, वर्षभर. पण आता मोबाइलवर मी ते सलग लावले आणि तिसऱ्या दिवशी रावण मेला. काहीतरी चुकल्यासारखे वाटले. मग ध्यानात आले. ते गाणे आठवड्याला एक असे होते. सीता पळवली गेली तर ती घरोघरी निदान सात दिवस पळवलेलीच राहायची. बायका हळहळायच्या, पुरुष ऑफिसात चर्चा करायचे. तो मधला आठवडा त्या अल्बमचाच भाग होता. चाली अजून तशाच ताज्या आहेत, प्रत्येक प्रसंगाला वेगळा राग, वेगळे वजन. पण वाट पाहणे त्यांनी मोबाइलमध्ये भरलेले नाही. माझा एवढाच आक्षेप. दासोपंतांचे बघा. आमच्या अंबाजोगाईचेच. त्यांनी चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर ग्रंथ लिहिला, ती पासोडी आजही आहे. आणि परंपरा सांगते की त्यांची पदे सव्वा लाख. त्यांना कोणी ‘या महिन्यातली आवडती पाच’ मागितली असती तर त्यांनी आणखी एक पासोडी विणायला टाकली असती.

नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्याकडे यशवंतराव चव्हाणांच्या स्मृतीचा समारोह असतो. त्यात गाण्याची बैठक असतेच. परळीचा माझा एक मित्र दरवर्षी येतो. माकडटोपी, मफलर आणि शेवटची एसटी. गवयाने विलंबित ख्याल सुरू केला. काय सुंदर बढत! एकेक सूर असा पुढे येत होता, जसा घरात नवीन सून एकेका माणसाची ओळख करून घेते. मित्राने घड्याळ पाहिले. निषादाची ओळख व्हायची होती. मित्राने पुन्हा घड्याळ पाहिले. शेवटी उठताना माझ्या कानात म्हणाला, "द्रुत कसा झाला ते उद्या फोनवर सांग." गेली वीस वर्षे तो सगळे द्रुत माझ्या तोंडून ऐकतो आहे. मी ते जरा वाढवून सांगतो. त्यामुळे परळीत गवयांची कीर्ती फार मोठी आहे.

आता व्हिडिओ. तुळशीचे लग्न झाले की माणसांची सुरू होतात. यंदा प्रत्येक वरातीत संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ होती. २०२४ साली आलेले गाणे अजून दमलेले नाही. मी ते झोडपायचे ठरवून बसलो होतो. पण खरे सांगतो, ते गाणे चोख आहे. त्याला एकच गोष्ट करायची आहे आणि ती ते पहिल्या पंधरा सेकंदांत करते. साधे घरातले शब्द, तोंडात बसणारी चाल. उरलेला वेळ तेच पुन्हा करते, हा दोष. पण वरातीत उरलेला वेळ ऐकतो कोण? रीलच्या मापाने ते कापलेले आहे आणि त्या मापात ते फिट्ट बसते. शिंप्याला आपण आणखी काय विचारतो? हे मत मी घरात मोठ्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी सौ.ने गुलाबी साडी घेतली. टीकाकाराने मत जपून द्यावे.

यादी पुरी होत आली होती. तेवढ्यात मावशी आली. आईची धाकटी बहीण, वय नव्वदीला टेकलेले, गाव केज तालुक्यात. नवरात्राला दर्शनाला म्हणून आली. पण खरे कारण वेगळे होते. तिच्याकडे सकाळ-संध्याकाळ डोकावणारी शेजारची सून टोळीबरोबर गेली होती. "गावात आता म्हातारे अन् लेकरं," म्हणाली. "हाक मारावं तर आपलीच आपल्याला ऐकू येतीय."

तिची करमणूक म्हणून मी मोबाइलवर जात्यावरच्या ओव्या लावल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी हजारावर गावे फिरून लाखावर ओव्या जमवल्या. आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. ‘पारी’च्या संग्रहात त्या ऐकायला मिळतात, काहींचे व्हिडिओही आहेत. मावशीने मोबाइल नाकाशी धरून पाहिला. गळे तिला पसंत पडले. मान हलवली, आणि मी शपथेवर सांगतो, समेवर हलवली. मग म्हणाली, "बाळ्या, जातं कुठंय?"

मी म्हटलं, "मावशी, त्यांनी नुसतंच म्हणून दाखवलंय."

"मग पीठ कशाचं पडायचं?"

माझे चौऱ्याहत्तर वर्षांचे तोंड बंद झाले. मी म्हटलं, "तू म्हण की एखादी." तर म्हणाली, "बसल्या बसल्या? मला काय येड लागलंय?"

आमचे जाते परसात पाण्याच्या पिंपाखाली होते. लग्नाच्या हळदीपुरते निघते, परत पिंपाखाली जाते. ते काढले, धुतले, वाळवले. मावशीने पावशेर ज्वारी घेतली, एक पाय पसरून बसली आणि मला म्हणाली, "बस समोर. धर खुटा." मी मोबाइल लावून ठेवणार होतो. तिने बोट दाखवले, "ते ठेव तिकडं. दोन्ही हात लाव."

घरघर सुरू झाली आणि मला कळले, हाच तानपुरा. एक सूर, न तुटणारा, आणि त्याच्यावर मावशीचा गळा. फाटलेला, पण सुरात. एक फेरा म्हणजे एक श्वास. मूठभर दाणे टाकायला हात जाई तेव्हा ओळ लांबे, एखादा ‘बाई गं’ मध्ये येई, आणि दाणे पडले की ओवी पुन्हा फेऱ्यात बसे. मी ज्याला चाळीस वर्षे लयकारी म्हणून मान हलवत होतो, ती ही. पहिली ओवी देवाला, दुसरी जोगाईला. मग भावाला, जो कधीच गेला. आणि मग एका ओवीत माझ्या आईचे नाव आले. माहेरचे नाव, जे मी तिच्या लग्नपत्रिकेखेरीज कुठे पाहिले नव्हते. दोघी बहिणी समोरासमोर बसून दळायच्या. मी ज्या बाजूला बसलो होतो, ती आईची बाजू होती.

माझ्याकडे तीनशे कॅसेट आहेत. त्यांत आईचा आवाज एकही नाही. गाणे म्हणजे दुसऱ्यांचे, असे मी धरून चाललो होतो. ती रोज पहाटे गात होती आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून म्हणत असे, जरा झोपू दे.

मावशी थांबली. मी म्हटलं, "आणखी एक."

"संपलं की," ती म्हणाली. "ज्वारी संपली."

संध्याकाळी त्या पिठाची भाकरी झाली. जात्याला टाकी लावलेली नसल्याने जरा कचकच लागत होती. हा त्या मैफलीतला एकमेव दोष, आणि टीकाकार म्हणून तो नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

रात्री पुतण्याला यादी पाठवली. सगळ्यांना एकेक पायरी खाली आणले आणि वर लिहिले: ‘पहिला क्रमांक, मावशी. लांबी, पावशेर ज्वारी.’ लगेच उत्तर आले, "काका, भारी! लिंक पाठवा ना."

मी लिहिले, "पाठवता येत नाही. तू ये. दोन्ही हात मोकळे घेऊन ये. आणि लवकर ये."

या वेळी त्याने अंगठा दाखवला नाही. शनिवारी येतो म्हणाला. मी अर्धा शेर ज्वारी निवडून ठेवली आहे.