डब्याच्या बाहेरून, डब्याच्या आतून

मार्था कूपर आणि हेन्री चॅल्फंट यांचं ‘सबवे आर्ट’ १९८४ साली आलं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवर पोरांनी स्प्रे-पेंटने काढलेल्या ग्राफिटीचे फोटो. ठिकठिकाणच्या भिंती रंगवणाऱ्या पुढच्या पिढ्यांनी त्यातून अक्षरं गिरवली. ग्राफिटी ही कला की नासधूस, हा वाद निघाला की हे पुस्तक पुराव्यासारखं पुढे केलं जातं. मला ते अतिशय आवडतं. पण पुरावा म्हणून ते कच्चं आहे.

चॅल्फंट मूळचा शिल्पकार. गाडी स्थानकात थांबली की समोरच्या फलाटावरून सरकत सरकत तो एकाच डब्याचे ओळीने फोटो घ्यायचा आणि नंतर प्रिंट कापून जोडायचा. आपला फोन पॅनोरमा जोडतो तेच, फक्त हाताने. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला असली चिकाटी लगेच जिंकते. पण या जोडकामात गर्दी गळते, स्थानक गळतं, धावणारी गाडी गळते. उरतो एक लांबलचक सपाट डबा, दिवाणखान्यात टांगायला तयार. कूपरचं तसं नाही. ती वृत्तपत्रातली छायाचित्रकार; तिच्या चौकटीत डब्याभोवतीचं शहरही येतं. १९८० साली डाँडी नावाचा तरुण यार्डात डबा रंगवत असताना ती रात्रभर तिथे होती. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत, दोन्हीकडे पाय रोवून उभा असलेला डाँडी, हा त्यातला फोटो मी कितीतरी वेळा बघितलाय.

आता एक साधी गोष्ट. अख्खा डबा वरपासून खालपर्यंत रंगवायचा, तर खिडक्याही रंगाखाली जातात. फलाटावरून ते अक्षर पूर्ण दिसतं. आत बसलेल्याला कुठलं स्टेशन आलं तेच दिसत नाही.

त्या आतल्या माणसाचं पुस्तक दोन वर्षांनी आलं: ब्रूस डेव्हिडसनचं ‘सबवे’, १९८६. त्याच काळातली तीच रेल्वे, पण कॅमेरा डब्यात. भिंती, दारं, नकाशे, काचा, सगळ्यांवर मार्करने सह्यांवर सह्या, आणि त्यांच्यात बसलेली माणसं. कुणी थकलेलं, कुणी सावध. अर्थात आतल्या सह्या आणि बाहेरची भव्य चित्रं एकाच तोडीची नाहीत, हात वेगळे, हेतू वेगळे. त्यांना एका मापाने मोजणं अन्यायाचं होईल. पण तिकीट काढून बसलेल्याला हा फरक कोण समजावणार? नेथन ग्लेझर या समाजशास्त्रज्ञाने १९७९ सालीच लिहिलं होतं की या रेघोट्या प्रवाशाला सतत सांगत राहतात, इथे कुणाचा ताबा नाही. मुंबईच्या लोकलमध्ये सीटच्या पाठीवर कोरलेली घाण वाचत उभं राहिलेल्या कुणालाही, विशेषतः बायकांना, हे वेगळं पटवावं लागणार नाही.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं: जाहिरातींना तरी कुणी आपली परवानगी विचारली होती? मुद्दा बिनतोड आहे. पण त्यातून फार तर जाहिरातवाले दोषी ठरतात, पोरं सुटत नाहीत.

गंमत म्हणजे डेव्हिडसनचे फोटोही देखणेच आहेत. फ्लॅशच्या उजेडात त्या सह्या दागिन्यांसारख्या चमकतात. म्हणजे कॅमेरा आत नेला की सत्य हाती लागतं, असंही नाही. तरी त्याच्या चौकटीत ते सोसणारा माणूस आहे, आणि म्हणून मला ते पुस्तक जास्त प्रामाणिक वाटतं.

पुढे रेल्वेने धोरण बदललं. रंगवलेला डबा धुतल्याशिवाय सेवेत सोडायचाच नाही. १२ मे १९८९ रोजी रेल्वेने आपण ग्राफिटीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्यानंतरही पोरं यार्डात शिरत राहिली. रंगवायचं, फोटो काढायचा, पळायचं. डबा तिथेच धुतला जायचा. प्रवासी, फलाट, शहर यांपैकी कुणाशीच त्या चित्राचा संबंध उरला नाही, फक्त फोटोशी उरला. चॅल्फंटच्या कात्रीने जे कागदावर केलं होतं ते आता यार्डात होऊ लागलं.

मिळाली तर दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघा. आधी डेव्हिडसन.