मूक पात्र आणि उमेदवार

इंग्रजीतील ‘वॉक-ऑन’ ही संज्ञा दोन क्षेत्रांत रूढ आहे. रंगभूमीवर ती एकही वाक्य न बोलता वावरून जाणाऱ्या गौण भूमिकेची वाचक आहे. अमेरिकन विद्यापीठांच्या क्रीडाजगतात ती क्रीडा-शिष्यवृत्तीवाचून, बहुधा निमंत्रणावाचूनही, संघात आलेल्या खेळाडूची. ‘चालत येणे’ ही क्रिया दोन्ही अर्थांच्या मुळाशी असली, तरी तिचे कर्तृत्व भिन्न आहे. नटाला नाटककार आणतो. खेळाडू आपण होऊन येतो. हा भेद दृष्टीआड झाला की मूक भूमिकेचे मौन म्हणजे केवळ संधीची प्रतीक्षा, असा ग्रह होतो.

एस्किलसच्या ‘ओरेस्टेइया’ (इ. स. पू. ४५८) या नाट्यत्रयीतील दुसरे नाटक या ग्रहाला पोषक भासते. त्यात ओरेस्टीसचा मित्र पिलाडीस दीर्घकाळ निःशब्द असतो. मातृवधाच्या क्षणी ओरेस्टीस कचरताच तो अवघ्या ३ ओळींत अपोलोच्या आज्ञेचे स्मरण देतो. परंतु सोफोक्लीसच्या ‘इलेक्ट्रा’त तोच पिलाडीस अखेरपर्यंत बोलत नाही. म्हणून त्याची भूमिका अपुरी ठरत नाही. मित्राच्या सोबत असणे व त्याच्यासह राजवाड्यात शिरणे, एवढ्यात तिचे प्रयोजन पुरे होते.

खेळाडूची गोष्ट निराळी. नोत्र दाम विद्यापीठाचा रूडी रुटिगर केवळ सरावाच्या संघात राबत होता. ८ नोव्हेंबर १९७५ रोजी जॉर्जिया टेकविरुद्धच्या सामन्यात अखेरच्या काही क्षणांपुरता तो मैदानात उतरला आणि सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर उचलून नेले. १९९३ च्या ‘रूडी’ या चित्रपटाचा कळस हाच प्रसंग होय. येथे प्रतीक्षा खरी आहे, कारण उणीवही खरी आहे.

मराठीत या दोन अवस्थांना दोन शब्द आहेत. ‘मूक पात्र’ हा रचनेचा शब्द. ‘उमेदवार’ हा आशेचा. फारसी ‘उमेद’पासून आलेल्या या शब्दातून मराठीने ‘उमेदवारी करणे’ हा प्रयोग घडविला. पुढील आशेवर अल्प वा शून्य मोबदल्यात राबणे, हा त्याचा आशय. ‘कोणतीही भूमिका लहान नसते’ हे वचन मूक पात्राला लागू पडते. उमेदवाराला ते ऐकविणे म्हणजे त्याच्या विनामूल्य श्रमांवर अलंकार चढविणे होय. मौनाचा गौरव करण्यापूर्वी ते रचनेने दिलेले आहे की परिस्थितीने लादलेले, याचा निर्णय समीक्षकाने केला पाहिजे.